जू जिथं घासतं

पुस्तकाची काही पानं उलटून झाली होती. तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलीनं मला थांबवलं. "उंदराचं काहून सांगत नाहीत तुमी?"

कुठला उंदीर, असं माझ्या तोंडावर आलंच होतं. तिनं पुढं सरकून चित्रावर बोट ठेवलं. खरंच, तिथं एक उंदीर होता. हे पुस्तक मी त्याआधी निदान दहा वेळा वाचलं असेल. मजकुरात उंदराचं नाव नाही, म्हणून मला तो कधी दिसलाच नव्हता. तिला तो इंग्रजी मजकूर वाचता येत नव्हता, म्हणून ती चित्र वाचत होती, आणि चित्रात उंदीर होता. मग सतरंजीवरच्या सगळ्याच लेकरांना उंदीर हवा झाला. पान उलटलं की आधी उंदीर शोधायचा, मग मी पुढची गोष्ट सांगायची, असं ठरूनच गेलं.

सेनगाव तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, पलीकडं स्वयंपाकाची खोली. पोळा होऊन चारच दिवस झाले होते. रस्त्यानं जाणाऱ्या बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून उडालेला नव्हता. पावसानं उघडीप दिली होती आणि शाळेमागच्या शेतात खुरपणी चालली होती. बायांचे आवाज मधूनमधून व्हरांड्यापर्यंत येत होते.

यंदाच्या अंकाचा विषय ‘सोबत’. विषय कळवताना संपादकांनी विचारलं होतं, घरातल्या सोबतीवर, प्रवासातल्या सोबतीवर पुष्कळ लिहून झालं. एकत्र काम करणाऱ्यांची सोबत आपण लहान मुलांना कशी सांगतो, ते बघून याल का? प्रश्न वाचताच मला एक चित्रपुस्तक आठवलं, आणि ते घेऊन सेनगावला जावंसं वाटलं. सेनगाव हा हिंगोली जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी एक. सोयाबीन, तूर, कापूस, हळद ही इथली पिकं, आणि यातलं एकही एका माणसाच्या हातानं निभत नाही. इथल्या लेकरांनी आईला आणि बापाला काम करताना पाहिलंय ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी जोडीनं. पुस्तकातली सोबत आणि शेतातली सोबत शेजारी ठेवून पाहायला यापेक्षा चांगली जागा मला सुचली नाही.

पाच नंबरची बस

पुस्तक अमेरिकेतलं. ‘अ सिक डे फॉर ॲमॉस मॅकगी’ हे त्याचं नाव. गोष्ट फिलिप स्टेड यांची, चित्रं त्यांच्या पत्नी एरिन स्टेड यांची. २०१० साली ते प्रसिद्ध झालं आणि २०११ साली त्याला कॅल्डिकॉट पदक मिळालं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांची संघटना १९३८ पासून हे पदक देते, आणि ते चित्रकाराला दिलं जातं. एरिन यांचं हे पहिलंच चित्रपुस्तक. त्यांनी चित्रं काढावीत म्हणूनच फिलिप यांनी ही गोष्ट लिहिली होती.

ॲमॉस हा एका प्राणिसंग्रहालयातला म्हातारा राखणदार. तो रोज सकाळी लवकर उठतो, गणवेश चढवतो, घड्याळाला चावी देतो आणि पाच नंबरची बस पकडून कामावर जातो. हातात काम पुष्कळ असतं. तरी त्यातून तो पाच जणांसाठी वेळ काढतो. हत्तीबरोबर बुद्धिबळ खेळतो. हत्ती एकेका चालीला खूप विचार करतो. कासवाशी शर्यत लावतो. कासव कधीच हरत नाही. पेंग्विन लाजाळू, त्याच्या शेजारी नुसता गप्प बसतो. गेंड्याचं नाक सारखं वाहतं, त्याला रुमाल देतो. घुबडाला अंधाराची भीती, म्हणून दिवस मावळला की त्याला गोष्ट वाचून दाखवतो.

एक दिवस ॲमॉसला सर्दी होते, अंगात कणकण भरते. तो घरीच राहतो. इकडं प्राणी वाट बघतात आणि शेवटी तेच बस धरून त्याच्या घरी येतात. हत्ती पट मांडतो. ॲमॉसच्या अंगात पळायचं त्राण नाही हे बघून कासव त्याच्याशी लपाछपी खेळतं. पेंग्विन त्याच्या पायांशी बसून पायांना ऊब देतो. शिंक येते तेव्हा गेंडा रुमाल घेऊन तयार. आणि रात्री घुबड पुस्तक उघडतं, कारण ॲमॉसलाही अंधाराची भीती वाटते हे त्याला ठाऊक असतं.

गोष्ट एवढीच आहे. ती मुलांना सांगताना माझ्या ध्यानात आलं की यात कुणी कुणावर उपकार करत नाही. ॲमॉस पाचही जणांना एकसारखं काही देत नाही. तसं दिलं असतं तर ते वाटप झालं असतं. पेंग्विनला बुद्धिबळ नको आहे, त्याला शेजारी कुणीतरी हवं आहे आणि त्यानं बोलूही नये. हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. रोज तिथं काम करणाऱ्यालाच कळेल.

चित्रंही त्याच चालीची आहेत. लाकडी ठशानं हलके रंग उमटवायचे आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायची, अशी एरिन यांची रीत. पानावर मोकळी जागा भरपूर. रंग ओरडत नाहीत, म्हणून डोळा घाई करत नाही. कासवाच्या मानेच्या सुरकुत्या, ॲमॉसच्या पायजम्यावरच्या रेघा, सगळं सावकाश दिसत जातं. आणि सावकाश बघणाऱ्याला उंदीरही सापडतो.

खांदेमळणी

गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात’ हा प्रश्न मी विचारला नाही. शिक्षकांनीही विचारला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागं बसलेला एक मुलगा आपणहून म्हणाला, "आमच्या बैलाची खांदेमळणी केली आमी."

हत्ती-गेंड्यावरून त्याला बैल आठवला असणार, असं मला आधी वाटलं. त्यानं खांदेमळणी कशी केली ते सांगितलं तेव्हा कळलं की या गोष्टीचं मर्म त्याच्या हाती लागलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुऊन आणतात. बैलाच्या मानेमागं, खांद्यावर जिथं जू बसतं, तिथली कातडी घासून राठ झालेली असते. कधी तिथं सूज येते, कधी जखम होते. नेमक्या त्याच जागी तूप नाहीतर लोणी लावतात, हळद चोळतात, शेकतात. मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला पुरणपोळी भरवतात. ज्यांच्या दारात आता बैल उरले नाहीत, ते मातीचे बैल पुजतात.

पाठीवरून हात फिरवला असता तरी बैलाला बरं वाटलं असतं. पण रीत अशी की हात खांद्यावरच गेला पाहिजे, जू जिथं घासतं तिथंच. वर्षभर त्याच्या मागं तिफण किंवा वखर धरून चालणाऱ्याला ती जागा माहीत असते. ॲमॉसला गेंड्याचं नाक माहीत आहे, घुबडाची भीती माहीत आहे. त्या मुलाला दोन्हींत एकच गोष्ट दिसली. एकत्र काम करणाऱ्यांची माया म्हणजे सोबत्याला काम कुठं घासतं ते माहीत असणं आणि न सांगता हात तिथं जाणं. यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या जाड पुस्तकात सापडली नसती.

हातातला झारा

मी मुलांना विचारलं, आपल्या शाळेत असं कुणी आहे का? चार-पाच बोटं एकदम स्वयंपाकाच्या खोलीकडं गेली.

शाळेत मुलांना शिजवलेलं अन्न मिळालं पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. हे अन्न देणाऱ्या योजनेचं २०२१ पासूनचं नाव पीएम पोषण. गावात मात्र ती अजून ‘खिचडी’च. पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागं १५० ग्रॅम, शिवाय डाळ, भाजी, तेल. पट २५ पर्यंत असेल तर स्वयंपाकाला एक जण, १०० पर्यंत दोघं, पुढं दर शंभरामागं आणखी एक. या शाळेत दोघी आहेत. लेकरं दोघींनाही मावशी म्हणतात.

सकाळी मी त्या खोलीच्या दाराशी तासभर बसलो होतो. तांदूळ निवडणं, डाळ धुणं, चूल पेटवणं, सगळं टिपून घेतलं होतं. आपण नीट पाहिलं, असं मला वाटत होतं. उंदीर शोधणारी मुलगी म्हणाली, "फोडणी टाकायच्या टायमाला त्या मावशी या मावशीचा झारा घेतात." का, असं मी विचारलं. "यायला धुराचा खोकला येतो ना."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन बसलो, या वेळी फक्त झाऱ्याकडं बघत. तेल तापलं, मोहरी हातात आली, आणि दुसरी मावशी काही न बोलता पुढं झाली. झारा या हातातून त्या हातात गेला. पहिली बाहेर ओट्यावर येऊन ताटं मांडू लागली. फोडणीचा धूर ओसरल्यावर झारा परत पहिलीच्या हातात. दोघींपैकी कुणीही एकमेकीकडं बघितलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांना मला काय म्हणायचंय तेच आधी कळेना. मग दुसरी मावशी हसली आणि सांगू लागली. तिच्या सासूच्या आजारपणात पहिलीनं कितीतरी दिवस एकटीनं चूल सांभाळली होती. हिशेब म्हणून ती हे सांगत नव्हती. एक आठवण निघाली म्हणून दुसरी निघाली.

चित्रपुस्तक म्हणजे अक्षरं येईपर्यंतची तात्पुरती सोय, असं आपण धरून चालतो. त्या दिवशी माझा तो समज पुरता मोडला. मजकूर आणि चित्र यांनी वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्यात, आणि मुलानं दोन्ही जोडून घ्याव्यात, हे चांगल्या चित्रपुस्तकाचं काम असतं. मजकूर म्हणतो, ॲमॉस आजारी आहे. चित्र दाखवतं, त्याचे पाय उबदार राहावेत म्हणून कोण कुठं बसलंय. हे जोडताना मूल निरखायला शिकतं. आणि निरखता आल्याशिवाय मायेचा हात योग्य जागी पडत नाही. झारा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो हे दिसणं आणि पानाच्या कडेचा उंदीर दिसणं, या दोन गोष्टींना एकच डोळा लागतो.

पात

शाळेमागच्या शेतात हळदीची खुरपणी चालली होती. हिंगोली जिल्हा हळदीचा. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात दूरदूरची हळद येते. पण बाजारात पोचण्याआधी ती किती जणींच्या हातांखालून जाते, ते शेतात बसल्यावर कळतं. लावणी, खुरपणी, मातीची भर, काढणी, गड्डे मोडणं, शिजवणं, वाळवणं, घोळणं. आठ-नऊ महिन्यांचं काम, आणि त्यातलं बरंचसं बायांच्या टोळीनं ओढायचं.

खुरपायला बसल्या की प्रत्येकीच्या वाट्याला एक पात येते. पात म्हणजे तिनं धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ करत न्यायचा पट्टा. सगळ्या एका ओळीत बसतात आणि ओळ सरकत पुढं जाते. एखादीची पात मागं राहिली तर लांबूनही लगेच दिसतं, कारण ओळ वाकडी होते. त्या दिवशी एक वयस्कर बाई मागं पडत होती. मुलीनं आणि मुलानं माझे डोळे तयार केलेले होते, म्हणून मला पुढचं दिसलं. तिच्या डाव्या-उजव्या दोघी आपापली पात ओढताना हात थोडा लांबवून तिच्या पातीतलं चार बोटं तण काढत होत्या. कुणी काही बोललं नाही, कुणी मान वर केली नाही. धुऱ्याला सगळ्या जवळपास एकदम पोचल्या.

ही माया फुकटची नसते, हेही सांगितलं पाहिजे. रोजानं काम असेल तर मागं राहणारीमुळं फारसं बिघडत नाही. पण गुत्त्यानं काम घेतलं की शेताचे पैसे ठरलेले असतात आणि ते टोळीत सारखे वाटायचे असतात. मग एक हात मंद चालला तर सगळ्यांचा वेळ जातो, दिवसाची कमाई घटते. तरीही अंगानं थकलेली, नुकतीच बाळंत होऊन आलेली, नवरा गेलेली बाई टोळीत घेतली जाते. कधी घेतलीही जात नाही. त्यावरून भांडणं होतात, अबोले होतात. ज्या टोळीत घेतली जाते तिथं बाकीच्या आपल्या मजुरीतून तिची भरपाई करत असतात. पुस्तकातल्या हत्तीला ही किंमत मोजावी लागत नाही. इथं ती मोजून माया केली जाते, म्हणून मला ती मोठी वाटते.

अशा देवाणघेवाणीला मराठीत जुने शब्द आहेत. तुझ्या शेतात आज मी, माझ्या शेतात उद्या तू, ही सावड. एका बैलवाल्यानं दुसऱ्या बैलवाल्याशी सावड करायची आणि दोघांचीही नांगरणी-पेरणी उरकायची. एखाद्याचं काम फारच मागं राहिलं तर गावातल्यांनी औतं, माणसं घेऊन एकदम जायचं, दिवसात काम संपवायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, हे इर्जिक. ट्रॅक्टर आले, रोकडा आला, आणि हे शब्द विरळ होत गेले. शाळेतल्या मुलांना मी ‘सावड’ विचारलं तर दोघा-तिघांनाच माहीत होता, तोही आजोबांकडून ऐकलेला.

आणि एक शब्द सगळ्यांना माहीत होता. कोयता. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. उचल कोयत्यावर ठरते, मजुरी कोयत्यावर ठरते. एकानं ऊस तोडायचा, दुसरीनं वाढे काढायचे, मोळी बांधायची, रात्री-बेरात्री गाडी आली की दोघांनी मिळून भरायची. अशा कोयत्यांची टोळी, आणि टोळीवर मुकादम. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचे ट्रक निघतात. फडाशेजारच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, एखादी मोठी मुलगी टोळीतली सगळी तान्ही लेकरं सांभाळते. गावात मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. एका मुलानं सांगितलं, मागल्या साली त्याच्या आईला ताप आला तेव्हा शेजारच्या कोपीतल्या काकूनं तिच्या मोळ्या बांधल्या. ‘आधी स्वतःच्या बांधल्या, मग आईच्या,’ असं तो म्हणाला, आणि ‘मग’ या शब्दावर तो थोडा थांबला.

जनीचं जातं

हिंगोलीहून सेनगावला येताना वाटेत नरसी लागतं. कयाधू नदीच्या काठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. १२७० सालचा त्यांचा जन्म. त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून पंजाबातूनही माणसं इथं माथा टेकायला येतात. परतताना मी नरसीला थांबलो, कारण सतरंजीवर बसलेलं असताना माझ्या मनात वारंवार एक चित्र येत होतं आणि ते नामदेवांच्या घराशी जोडलेलं आहे.

गंगाखेडची जनाबाई लहानपणी नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली ती दासी म्हणून. झाडणं, दळणं, पाणी भरणं, गोवऱ्या वेचणं हे तिचं काम. तिच्या कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरानं ऐकल्या आहेत, आणि त्यांतलं एक चित्र तर कॅलेंडरांपासून देवळांच्या भिंतींपर्यंत सगळीकडं दिसतं. मधे जातं, एका बाजूला जनी, दुसऱ्या बाजूला विठ्ठल, आणि खुंट्यावर दोघांचे हात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं म्हणून आजही एक जातं दाखवतात.

या चित्रात देव वर देत नाही. जनीचं दळण चमत्कारानं संपवून तिला मोकळीही करत नाही. तो तिच्यासमोर मांडी घालून बसतो आणि जात्याचा अर्धा भार आपल्या हातावर घेतो. दळणारीचा हात कुठं भरून येतो हे त्याला ठाऊक आहे. मराठी मुलांनी शतकानुशतकं पाहिलेलं हे चित्र म्हणजे कामाच्या सोबतीचं आपलं पहिलं चित्रपुस्तक आहे, असं मी आता मानतो. एका पानाचं, पण पुरं.

नामदेवांच्या सोबत्यांची नावंही कामांवरून ओळखली जातात. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली बाकीच्या मजुरांबरोबर चोखोबा गेले. नामदेव तिथं गेले, त्यांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली, अशी परंपरा सांगते. जिवंतपणी ज्याला त्या दाराच्या आत येऊ दिलं नाही, त्याच्या सोबत्यानं त्याला निदान दारापर्यंत आणून ठेवलं. कामावरच्या सोबतीची गोष्ट मुलांना सांगताना ही बाजूही सांगावी लागेल. एका धुऱ्यावर बसणाऱ्यांचे पाण्याचे तांबे वेगळे असत, आणि काही ठिकाणी ते अजून एक झालेले नाहीत. ॲमॉसच्या घरी सगळे मिळून चहा घेतात. ते चित्र मी मुलांसमोर जरा जास्त वेळ धरलं होतं.

कपाटाची किल्ली

मराठीत चांगली चित्रपुस्तकं नाहीत, ही तक्रार आता खरी नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ आणि यशच्या पुस्तकांमधून मराठी घर त्याच्या भांडीकुंडी, माणसं, रुसवेफुगवे यांच्यासह मुलांसमोर ठेवलं. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर नावातूनच काय करायचं ते सांगतं. ज्योत्स्ना प्रकाशनानं ही पुस्तकं निगुतीनं काढली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं मराठीत स्वस्तात मिळतात. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हा मंच उघडला. तिथली मराठी पुस्तकं कुणालाही फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. समग्र शिक्षा अभियानात २०१८ पासून शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे.

या साऱ्यात घर आहे, शाळा आहे, झाडं-प्राणी आहेत. एकत्र राबणारी माणसं मात्र माझ्या पाहण्यात थोडी आली. खिचडीच्या दोन मावश्या नाहीत. पातीवरच्या बाया नाहीत. अंगणवाडीची सेविका आणि मदतनीस नाहीत. एसटीचा चालक आणि वाहक नाहीत, ज्यांच्यातलं अर्धं बोलणं घंटीच्या दोरीनं होतं. एक टोला थांब, दोन टोले चल. सेनगावच्या मुलाला आपल्या आईची सोबत पुस्तकात बघायची असेल तर आज त्याला अमेरिकेतल्या हत्तीकडून यावं लागतं. हत्ती फार चांगला आहे. पण आईला स्वतःचं पान मिळायला हवं.

आणि जे आहे तेही मुलांच्या हातात पडायला हवं. पुस्तकं कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं, कारण फाटली तर जबाबदारी कुणाची, ही भीती शिक्षकाच्या मनात असते. या शाळेतल्या शिक्षकांनी कुलूप काढून टाकलंय. पुस्तकं खिडकीला बांधलेल्या दोरीवर, मुलांच्या हाताला येतील अशी लटकवलेली असतात. वर्षाकाठी काही फाटतात. फाटलेली मुलंच चिकटवतात. वाचून दाखवताना सर पुस्तकाचं तोंड मुलांकडं धरतात, स्वतः वाकून बाजूनं वाचतात, आणि पान उलटायच्या आधी थांबतात. किती थांबायचं, असं मी विचारलं. कुणीतरी काहीतरी दाखवेपर्यंत, असं त्यांनी सांगितलं.

मी निघायच्या दिवशी मुलांनी त्याच सरांच्या मदतीनं एक पुस्तक केलं. पाठकोऱ्या कागदांची आठ पानं, मधे दोरा. पहिल्या पानावर चूल. दुसऱ्यावर एक मावशी झारा घेऊन. तिसऱ्यावर धूर, काळ्या खडूनं पानभर. चौथ्यावर दुसऱ्या मावशीच्या हातात झारा. पाचव्यावर पहिली मावशी ओट्यावर ताटं मांडताना. मग खिचडी, मग जेवणारी लेकरं. शेवटच्या पानावर दोघी मावश्या शेजारी बसून जेवताहेत, एकाच परातीतून. मजकूर प्रत्येक पानावर एकेक ओळ, ‘धूर झाला’, ‘ताटं मांडली’ इतकाच. माया हा शब्द आठ पानांत कुठंही नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक उंदीर आहे.

पहिल्या वाचक म्हणून पुस्तक मावश्यांच्या हातात दिलं. पहिल्या मावशीला वाचता येत नाही. तिनं पानं सावकाश उलटली, चौथ्या पानावर थांबली आणि जोडीदारणीला हाक मारून म्हणाली, "ही बघ, तू."

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा मराठवाड्यातल्या गावांमधून ऊसतोडीचे ट्रक निघत असतील. काही लेकरं त्यांच्याबरोबर जातील, काही मागं राहतील. तुमच्या गावच्या शाळेत या दिवाळीला एक चित्रपुस्तक नेऊन द्या. नुसतं देऊ नका, सतरंजीवर बसा, पुस्तकाचं तोंड मुलांकडं करा आणि पान उलटायच्या आधी थांबा. तुम्हाला न दिसलेलं काहीतरी ती दाखवतील. मग लिहिता-काढता येणाऱ्या तुमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या आयांचं पुस्तक करायला घ्या.